शनिवारचे वडीलधारे

एका माणसाने दुसऱ्या माणसाला काही शिकवणं, यापेक्षा पवित्र असं या पृथ्वीवर काही घडत नाही. हे वाक्य माझंच आहे. पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी अकरा वर्षं इतिहास आणि इंग्रजी शिकवलं आणि दर शिक्षकदिनी हे वाक्य माइकवरून म्हटलं. माइक बहुतेक वेळा बंद असायचा. तरी टाळ्या पडायच्या, कारण त्यानंतर बटाटेवडे असत.

२००५ साली आम्ही बॉथेलला आलो. नवऱ्याला सॉफ्टवेअरची नोकरी होती. त्याच्या व्हिसाला शेपटीसारखा जोडलेला माझा व्हिसा होता. त्यावर मला अमेरिकेत राहता येत होतं, जेवता येत होतं, लायब्ररीतून पुस्तकं आणता येत होती. नोकरी करता येत नव्हती. फुकट शिकवते म्हणून जवळच्या शाळेत गेले, तर तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी फार गोड हसून मला एक फॉर्म दिला आणि लॅमिनेशनच्या मशीनपाशी बसवलं. महिनाभर मी अमेरिकेच्या भावी पिढीसाठी प्राण्यांची चित्रं लॅमिनेट केली. जिराफ लांब असल्यामुळे दोनदा घालावा लागतो, एवढं ज्ञान त्यातून मिळालं. मग जाणं सोडलं आणि घरी बसून रागवायला लागले. त्याला परवाना लागत नव्हता.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात दोन गोरे पोरगे उभे होते. अंगात काळे सूट, डोक्यावर सायकलची हेल्मेटं, दोघेही निथळत होते. छातीवर काळी पाटी, पाटीवर आडनाव आणि आडनावाच्या आधी 'एल्डर'. एल्डर म्हणजे वडीलधारा. दोघांपैकी एकाला धड मिशी फुटली नव्हती. हे मॉर्मन पंथाचे प्रचारक, हे मला शेजारणीमुळे माहीत होतं. ही मुलं एकोणिसाव्या वर्षी घर सोडतात आणि दोन वर्षं जोडीने दारोदार धर्म शिकवत हिंडतात. शेजारीण त्यांना पाहिलं की टीव्हीचा आवाज बंद करून जमिनीवर बसायची.

मी काही बसले नाही. भिजून आलेल्या माणसाला आपण जे म्हणतो तेच म्हणाले, की आत या.

दोघेही एक पाऊल मागे सरकले. उंच होता त्याने हसून विचारलं, "मॅम, घरात आणखी कुणी प्रौढ पुरुष आहे का?"

पुण्यात दारावरचा अनोळखी माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा आपण साखळी लावतो. पण त्याने लगेच खुलासा केला. एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही, असा त्यांना नियम होता. त्यांच्याबरोबर तिसरा एखादा मोठा पुरुष हजर असला तरच पाठ घेता येतो. "तुमचे मिस्टर कधी असतात?"

मी दाराची चौकट धरून उभी होते. या दोन पोरांचं मिळून वय माझ्याहून थोडंच जास्त होतं. शिकवण्याचं प्रशिक्षण त्यांना किती, तर काही आठवडे. त्यांना अख्ख्या राज्यात कुणालाही, काहीही शिकवायची मुभा. आणि मला शिकवायला सरकारची परवानगी हवी, शिकायला पुरुषाची सोबत हवी.

"शनिवारी साडेदहाला असतो," मी म्हणाले. "वेळेवर या."

तेव्हा मला देव नको होता. मला भांडण हवं होतं.

शनिवारी ते दहा एकोणतीसला आले. नवरा सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रौढ पुरुष म्हणून हजर होता. मी चहा टाकला होता, आलं किसून. उंचाने कप लांबूनच पाहून सांगितलं, की आम्ही चहा घेत नाही. मग कॉफी? तीही नाही. मी दोघांसमोर कोकम सरबत ठेवलं. मिशी न फुटलेल्या धाकट्याने ते औषधासारखं एका घोटात संपवलं. पाहुण्याने असं केलं की आपण पुन्हा भरतो. मी पुन्हा भरलं. त्या दिवशी तो चार ग्लास प्यायला आणि नाही कसं म्हणावं ते त्याला कळेना.

उंचाची गोष्ट वेगळी होती. माणसं कशी हाताळायची हे त्याला येत होतं, निदान तशी त्याची समजूत होती. बसल्या बसल्या त्याने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "किती सुंदर कलाकृती आहे."

ती आमची मराठी दिनदर्शिका होती. वरच्या अर्ध्या भागात लोणच्याच्या मसाल्याची जाहिरात होती.

पुढच्या शनिवारीही त्याने तिचंच कौतुक केलं, त्याच शब्दांत. पहिल्या तीन मिनिटांत घरातल्या एका वस्तूची स्तुती करायची आणि बोलताना समोरच्याचं नाव तीनदा घ्यायचं, हे तो कुठे शिकला ते नंतर कळलं. घर सोडण्याआधी एका उन्हाळ्यात तो घरोघरी जाऊन झुरळं आणि वाळवी मारण्याची वार्षिक योजना विकत होता. त्यात त्याला बक्षीस म्हणून एक मोठा टीव्ही मिळाला होता. हे त्याने मला अभिमानाने सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटत नव्हतं, यामुळे मला त्याच्याविषयी जरा बरं वाटलं.

पाठ सुरू झाला. पहिला भाग धाकट्याचा होता. एक चौदा वर्षांचा मुलगा, कुठला पंथ खरा हे कळेना म्हणून रानात जाऊन प्रार्थना करतो आणि त्याला दर्शन घडतं, ही त्यांच्या धर्माची सुरुवात. गोष्ट चांगली आहे. गोष्टीत मुलगा आहे, रान आहे, संकट आहे. सहावीच्या वर्गाला मी ती दोन तास पुरवली असती. धाकट्याने ती चार मिनिटांत संपवायला घेतली. नजर कोकमच्या ग्लासावर, आवाज एकसुरी, मध्येच ओठ न हलवता गिळलेला श्वास.

मी विचारलं, "घरी आल्यावर त्याने आईला काय सांगितलं?"

धाकटा थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग त्याने गोष्ट पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केली.

मी ओळखलं. पाठांतरवाल्या मुलाला मध्ये तोडलं की तो मधूनच सुरू करू शकत नाही, त्याला मागे जाऊन धाव घ्यावी लागते. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दहाबारा असत.

उंच मदतीला धावला. "ग्रेट क्वेश्चन, मॅम," असं म्हणून त्याने कुटुंब किती महत्त्वाचं असतं यावर बोलायला घेतलं. मग मला विचारलं, "हे ऐकून तुम्हाला कसं वाटतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "ती शांती आहे ना, मॅम, ती खरी आहे."

मला शांती वाटत नव्हती. मला अस्सल धंदेवाईक संताप आला होता, सुताराला वाकडी खुर्ची पाहून येतो तसा. मी म्हणाले, "तू मला प्रश्न विचारलास, उत्तर तूच दिलंस आणि बरोबर म्हणून गुणही तूच दिलेस. मी इथे कशाला बसले आहे?"

सोफ्यावरून नवरा मराठीत म्हणाला, "जाऊ दे ना यार, पोरं आहेत."

"पोरं नाहीत, वडीलधारे आहेत. पाटी वाच."

मी धाकट्याकडे वळले. "हे तू पाठ केलं आहेस?"

त्याचे कान लाल झाले. "नाही, मॅम. पाठ करायची पद्धत आता बंद झाली. आता आपल्या शब्दांत सांगायचं असतं."

"मग?"

"मी माझे शब्द लिहून काढले," तो म्हणाला, "आणि ते पाठ केले."

मी हसले नाही. 'तुमच्या शब्दांत उत्तर लिहा' या प्रश्नाचं तयार उत्तर गाईडमध्ये छापून येतं आणि चाळीस मुलं ते आपल्या शब्दांत म्हणून शब्दशः लिहितात, अशा राज्यातून मी आले होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन तोच मुलगा माझ्या सोफ्यावर बसला होता, फक्त गोरा आणि सुटातला.

"पुढच्या शनिवारी या," मी म्हणाले. "येताना पाठाचं टाचण घेऊन या."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "तू कन्व्हर्ट होणारेस का? म्हणजे आईला आधी सांगावं लागेल."

"मी इन्स्पेक्शन करणार आहे."

"त्यांनी मागितलंय का पण?"

त्यांनी मागितलं नव्हतं. मला काय हवं आहे हे आजवर या देशात मलाही कुणी विचारलं नव्हतं.

ते येत राहिले. उंचाच्या मते मी 'प्रगती करत' होते. आठवड्याच्या शेवटी ते वर कळवायचे, त्यात मी नियमित शिकणारी म्हणून गणली जात होते. मी त्यांना शिकवत होते हे कुठल्या रकान्यात बसत नसावं. मी एक पांढरा फळा आणला आणि त्यावर लिहिलं, की प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. ही माझी युक्ती नव्हे, कुठल्याही बऱ्या शिक्षकाला ती कधीतरी सापडतेच. गप्प बसणं फार जड जातं. तीनला शिक्षकाला घाम फुटतो, पाचला त्याला उत्तर सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. साताच्या आसपास मागच्या बाकावरचं कुणीतरी तोंड उघडतं, आणि खरा तास तिथे सुरू होतो.

उंचाला चारच्या पुढे जाता येत नव्हतं. धाकटा दहापर्यंत सहज जायचा, कारण गप्प बसणं ही त्याची एकमेव नैसर्गिक देणगी होती.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी उंचाच्या सायकलची चेन तुटली आणि नवरा त्याच्याबरोबर खाली गेला. प्रौढ पुरुष नाही म्हणून धाकटा उठून दाराबाहेर जिन्यावर उभा राहिला, मी दाराच्या आत. त्या चौकटीवरून आम्ही बोललो.

मी विचारलं, "तुला हे आवडतं का?" आणि मोजायला लागले.

नवाला तो म्हणाला, "आम्ही एखाद्या दाराकडे जातो ना, तेव्हा मी मनात प्रार्थना करतो."

"चांगलं आहे."

"की दार उघडू नये."

मग बाकीचं आलं. तो आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावरचा होता. त्याच्या गावात दोन वर्षं पुरी न करता परत येणाऱ्या मुलाला कुणी बोल लावत नाही. फक्त दुकानात भेटलं की प्रत्येक जण काळजीने विचारतो, तब्येत बरी आहे ना? त्याचा थोरला भाऊ सातव्या महिन्यात परत आला होता. त्याला हा प्रश्न अजून विचारतात, आणि भाऊ आता दुसऱ्या गावात जाऊन किराणा आणतो. धाकट्याला आता पाच महिने झाले होते. डिसेंबरात त्यांचा लीडर पाठ बघायला येणार होता. "तो पाठही असाच झाला तर मी घरी जायला मागणार आहे," तो म्हणाला. "मला देवाचं बोलवणं आलंच नव्हतं असं समजेन."

"आणि घरी?"

"आईला दोन्ही मुलांसाठी दुसऱ्या गावातनं किराणा आणावा लागेल."

हा विनोद होता. त्याच्या तोंडचा मी ऐकलेला पहिला. मी त्याला म्हणाले, की तुझ्या धर्माशी मला काही देणंघेणं नाही, पण तो पाठ मी तुझ्याकडून करून घेईन.

मग आम्ही तयारीला लागलो. मी दार उघडणाऱ्या वेगवेगळ्या बायका झाले. घाईतली, बहिरी, दुसऱ्या पंथातली, रडणारी. नवऱ्याला मी रागीट म्हातारा व्हायला सांगितलं आणि तो त्यात जरा जास्तच रमला. त्याने धाकट्याला मराठीत शिव्या दिल्या, कुत्रा सोडतो म्हणाला आणि शेवटी बेडरूमचं दार खरोखर आपटलं. शेजारणीने पलीकडून भिंतीवर थाप मारली.

धाकट्याने आतून दार ठोठावलं आणि विचारलं, "सर, कुत्र्याचं नाव काय?"

नवऱ्याने कुत्र्याचं नाव ठरवलं नव्हतं. मी मोजलं. आठला दार उघडलं.

त्या दिवशी धाकट्याने मला विचारलं, "तुमच्याकडे शिक्षिकेला काय म्हणतात?" बाई म्हणतात, असं मी सांगितलं. तेव्हापासून तो मला बाई म्हणायला लागला. दीड वर्ष कुणी म्हटलं नव्हतं. मी ओट्याकडे जाऊन उगाच काहीतरी विसळलं.

मी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. अकरा वर्षांत मी वर्गात हे तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा वर्ग ऐकायला लागला. "लीडरसमोरसुद्धा?" त्याने विचारलं. मी म्हणाले, लीडरसमोर तशी वेळच येणार नाही.

कारण तपासणी कशी पार पाडायची हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या शाळेत साहेब यायचे तेव्हा उत्तर येणाऱ्याने उजवा हात वर करायचा आणि न येणाऱ्याने डावा. साहेबांना नुसतं हातांचं रान दिसायचं. कच्च्या मुलाला विचारायचा प्रश्न आठ दिवस आधी ठरलेला असायचा. धाकट्याचा प्रश्नही आम्ही ठरवला: घरी आल्यावर त्या मुलाने आईला काय सांगितलं? त्याने ते शोधून वाचलं होतं. आता तो ते खरोखर आपल्या शब्दांत सांगायचा, हात हलवून, आईसारखा आवाज काढून. ते ऐकताना मला तो मुलगा शेतावरून घरात शिरताना दिसायचा.

लीडर आला तो एकवीस वर्षांचा होता. हातात झिप लावलेलं चामड्याचं फोल्डर होतं. एकवीस वर्षांच्या माणसाला फोल्डर दिलं की तो चाळीस वर्षांचा होतो, हे मी शिक्षण खात्यातही पाहिलं होतं. तिथे तो पुढे कधी लहान होत नाही. या लीडरने आत येताच नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "ब्रदर, तुमच्या घरात एक विशेष आत्मिक वातावरण आहे."

कुकरची तिसरी शिट्टी झाली.

तो बसला आणि नवऱ्याशीच बोलत राहिला. ब्रदर, कुटुंबाचा प्रमुख म्हणून तुम्हाला काय वाटतं. ब्रदर, तुमची पत्नी या प्रवासात किती पुढे आली आहे असं तुम्हाला वाटतं. नवरा म्हणाला, "मी इथे फक्त प्रौढ पुरुष म्हणून आहे." लीडरला ते नम्रतेचं लक्षण वाटलं आणि त्याने फोल्डरमध्ये तशी नोंद केली.

माझ्या घरात, माझ्या फळ्याखाली, मी दोन महिने घेतलेल्या वर्गात माझ्या प्रगतीची चौकशी तो माझ्या नवऱ्याकडे करत होता. लॅमिनेशनच्या मशीनपाशी बसवणारी बाई मला आठवली. विमानतळावर नवऱ्याला प्रश्न विचारून माझ्या पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस आठवला.

धाकट्याने पाठ सुरू केला. चांगला केला. रानात शिरताना तो हळू बोलायला लागला. उंचसुद्धा ऐकत होता. मग थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं, ठरल्याप्रमाणे, आणि विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" त्याचे ओठ पुढच्या उत्तरासाठी तयार होते. मला ते दिसत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला दिसत होतं.

मी विचारलं, "मी घरात एकटी असते तेव्हा तुमचा देव मला शिकवायला का येत नाही?"

एक, दोन, तीन. चारला लीडर म्हणाला, "ग्रेट क्वेश्चन, सिस्टर. मर्यादा या खरं तर आपल्या..."

"सॉरी," धाकटा म्हणाला, "त्यांनी मला विचारलं आहे."

लीडरचं तोंड उघडंच राहिलं. धाकटा माझ्याकडे बघत होता आणि मोजत होता. स्वतःसाठी मोजत होता, हे मला ओठांवरून कळलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही मंगळवारी आणि गुरुवारी या रस्त्याने जातो. तुम्ही खिडकीत वाचत बसलेल्या असता. आम्हाला दिसता. आम्ही पुढे जातो. नियम कशासाठी आहे ते मला कळतं, तो आमच्याही भल्यासाठी आहे. पण तुम्ही जे विचारलंत ते मला माहीत नाही."

लीडरने फोल्डरमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि झिप लावली. मी अनेक साहेबांना शेरा लिहिताना पाहिलं होतं. दोन ओळी कधी चांगल्या नसतात.

ते गेल्यावर नवऱ्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तो प्रश्न कुणासाठी होता?"

"त्या फोल्डरवाल्यासाठी."

"विचारलास त्या पोराला."

"त्याने उत्तर चांगलं दिलं."

"उत्तर चांगलंच दिलं यार. पण किराणा कुठल्या गावातनं आणायचा, तूच सांगितलंस ना, ते त्याचं त्या उत्तरावर ठरणार होतं. तुझा राग तू त्याच्या परीक्षेत काढलास." तो सहसा असं बोलत नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलाला ठरलेला सोडून दुसराच प्रश्न टाकणारी शिक्षिका मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती. ती पाहायला मला बॉथेलला यावं लागलं.

पुढच्या शनिवारी साडेदहाला उंच आला. त्याच्याबरोबर नवाच कुणी होता, कोरड्या सुटातला. धाकट्याची बदली झाली, असं उंच म्हणाला. अशा बदल्या होतच असतात.

"कुठे?"

"तो ठीक आहे, मॅम."

"घरी गेला?"

"तो अगदी ठीक आहे."

तब्येत बरी आहे ना, या प्रश्नाचं हे उत्तर होतं. तेवढ्यात नव्या मुलाने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि म्हणाला, "किती सुंदर कलाकृती आहे."

मी दार लावलं. दिनदर्शिका त्याच दिवशी काढून टाकली. वर्ष संपायला दोन आठवडे होते. एकादशी कधी आहे ते नवऱ्याला तेवढे दिवस आईला फोन करून विचारावं लागलं.

त्यानंतर मी शिकवण्यावर काही बोलायचं बंद केलं. मराठी मंडळाने शिक्षकदिनाला चार शब्द बोलायला बोलावलं तेव्हा घसा धरला आहे असं सांगितलं. आयडाहोत एक बाई दुसऱ्या गावातल्या दुकानात ट्रॉली ढकलते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येत राहिलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी खिडकीत वाचायला बसणंही सोडलं.

२००८ च्या उन्हाळ्यात एक जाड पाकीट आलं. वर पत्ता, आणि माझ्या नावाच्या जागी नुसतं इंग्रजीत 'बाई'. पोस्टमनने ते आडनाव समजून पेटीत टाकलं होतं.

मी ते जिन्यावरच उघडलं. हस्ताक्षर पाचवीतल्या मुलासारखं होतं. धाकट्याने लिहिलं होतं, की लीडरने फोल्डरमध्ये काय लिहिलं ते त्याला कधीच कळलं नाही. बदली नेहमीसारखीच होती, पूर्वेकडच्या गव्हाच्या गावात. तिथे माणसांपेक्षा कुत्रे जास्त, आणि तो प्रत्येक कुत्र्याचं नाव विचारायचा. घरी जायला त्याने मागितलं नाही. त्या शनिवारी 'माहीत नाही' म्हटल्यावर आपण जागच्या जागी मरून पडू असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, तेव्हा उरलेलं दीड वर्षही निघेल असं वाटलं. दार उघडू नये म्हणून तो शेवटच्या दिवसापर्यंत प्रार्थना करत होता, पण उघडलंच तर काय करायचं हे आता येत होतं. त्याने दोन्ही वर्षं पुरी केली. आई गावातल्याच दुकानात जाते. तब्येतीचं कुणी विचारत नाही.

मी पायरीवर बसले. माझं ते शिक्षकदिनाचं वाक्य आपोआप ओठांवर आलं आणि या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. डोळे पुसून मी पान उलटलं.

मागे लिहिलं होतं, की त्या उंच मित्राने त्याला आता ॲरिझोनात नोकरी लावून दिली आहे. घरोघरी जाऊन झुरळांच्या फवारणीची वार्षिक योजना विकायची. पहिल्याच महिन्यात तो गटात पहिला आला. बाकीचे विक्रेते फार बोलतात, असं त्याचं म्हणणं होतं. तो फक्त विचारतो, की रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावल्यावर तुम्हाला ओट्यावर काय दिसतं? आणि मनात दहापर्यंत मोजतो. बहुतेक लोक साताला सही करतात.

पाकीट जाड होतं ते आतल्या रंगीत पत्रकामुळे. पहिली फवारणी मोफत, फक्त ॲरिझोनातल्या रहिवाशांसाठी.